पल्ला आणि प्रामाण्य

खरेदी करणें हा एक प्रकारचा न्यायनिवाडाच होय. बाजारांत उभा असलेला मनुष्य पैसे मोजण्यापूर्वीं एका वस्तूविषयीं निकाल देत असतो, आणि तो निकाल चुकला तर दंडहि त्यालाच भरावा लागतो. आपल्या पूर्वजांचा हा निवाडा बव्हंशीं इंद्रियांच्या साक्षीवर चाले. बैलाचे दांत पाहून त्याचें वय ठरवीत. जोंधळ्याचा दाणा दांताखालीं फोडून पाहत. लुगड्याचें सूत चिमटींत धरून, आंबा देठाशीं हुंगून आणि माठ बोटानें वाजवून घेत. सोनें तेवढें इंद्रियांना सहजासहजीं दाद देत नसे, म्हणून त्यासाठीं कसोटीचा दगड होता. आणि तो दगड सराफाच्या हातीं असला तरी त्यावरील कस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरच उमटे. फसवणूक त्या काळींहि होती. कौटिल्यानें कंटकशोधनाच्या अधिकरणांत खोटीं मापें वापरणाऱ्या आणि हलका माल भारी म्हणून खपविणाऱ्या व्यापाऱ्यांना दंड सांगितले आहेत, ते उगाच नव्हेत. परंतु फसविणारा आणि फसणारा यांच्या ज्ञानांतलें अंतर तेव्हां फार मोठें नव्हतें.

आज तें अंतर विलक्षण वाढलें आहे, आणि त्याचा नमुना म्हणून विजेवर चालणारी स्कूटर घेण्याचा प्रसंग विचारांत घेण्याजोगा आहे. ही वस्तु चैनीची नव्हे. मध्यम स्थितींतील कुटुंबाचे लाख-सव्वा लाख रुपये तींत गुंततात. घरोघर जेवण वा पार्सलें पोंचविणाऱ्या तरुणाचें तर तें पोटापाण्याचें साधनच असतें. शिवाय ती रात्रीं घराखालीं, कधीं कधीं घरांतच, विजेला जोडून ठेवावयाची असते. असें असून घेणाऱ्याला तींत पाहण्यासारखें काय दिसतें? रंग, बैठक, दिवा आणि आंकडे दाखविणारा चकचकीत पडदा. जिच्यावर गाडीच्या किंमतीचा मोठा भाग आणि सारें आयुष्य अवलंबून, ती बॅटरी बंद पेटींत असते. ती पेटी उघडण्याची मुभा नसते, आणि उघडली तरी आंत पाहून सामान्य माणसास कांहीं कळावयाचें नसतें. हुंगून, वाजवून वा चावून तिची परीक्षा होत नाहीं. अर्थात् निकाल द्यावयाचा तो सांगितलेल्या गोष्टींवर.

महाराष्ट्रांत दुचाकी घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘ॲव्हरेज काय देते?’ हा. पेट्रोलच्या गाडीविषयीं हा प्रश्न विचारणाऱ्याजवळ उत्तर पडताळण्याचें साधन होतें. टाकी भरावी, किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवावा, पुन्हा भरावी आणि भागाकार करावा. उत्तर खोटें निघालें तरी नुकसान थोड्या पेट्रोलाचें. वाटेंत पंप असावयाचाच. विजेच्या गाडीच्या बाबतींत तोच प्रश्न ‘एका चार्जिंगमध्यें किती जाते?’ असें रूप घेतो, आणि रूपाबरोबर त्याचें महत्त्वहि पालटतें. पल्ला सांगितल्याहून तोकडा निघाला तर मनुष्य घर आणि काम यांच्या मध्यें कोठेंतरी अडकतो. आणि घरच्या विजेवर बॅटरी पुन्हा भरावयास मिनिटें नव्हेत, तास लागतात. म्हणून या गाडीच्या जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत जो आंकडा छापलेला असतो, तो पल्ल्याचा असतो.

हा आंकडा कोठून येतो हें समजून घेतल्यावांचून त्याच्या खरेखोटेपणाविषयीं बोलणें अन्यायाचें होईल. तो कंपनीनें मनानें रचलेला नसतो. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि तिच्यासारख्या दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्था गाड्यांची ठराविक पद्धतीनें चांचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. या चांचणींत गाडी रस्त्यावर धांवत नाहीं. फिरत्या रुळांवर ती चालविली जाते. वेग वाढवावयाचा, कांहीं क्षण स्थिर ठेवावयाचा, कमी करावयाचा, थांबावयाचें, असें १०८ सेकंदांचें एक चक्र ठरलेलें आहे. त्यांतला जास्तींत जास्त वेग ताशीं ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशीं सुमारें २२ किलोमीटर. हें चक्र पुन्हा पुन्हा फिरवून गाडी एकंदर किती अंतर काटते तें मोजतात.

या चक्रांत कात्रजचा चढ नाहीं, मागच्या बैठकीवर बसलेली पत्नी नाहीं, पायापाशीं ठेवलेली दळणाची पिशवी नाहीं, आणि तीन पावसाळे पाहिलेली बॅटरीहि नाहीं. वाऱ्याचा अडथळा तोडण्यासाठीं दर किलोमीटरमागें लागणारी शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे ताशीं ४२ च्या जागीं ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास तेवढ्याच अंतरासाठीं वाऱ्याशीं दुप्पट झगडावें लागतें. चक्रांतला आंकडा रस्त्यावर उतरतांच उणा कां होतो, याचें कारण असें उघड आहे. त्यांत कसलीहि जादू नाहीं, आणि आरंभीं तरी लबाडीहि नाहीं.

कारखानदाराची बाजू येथें प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. तो म्हणेल, ‘रस्ते अनंत, चालविणारे अनंत, प्रत्येकाचा पल्ला निराळा. तेव्हां दोन गाड्यांची तुलना करावयाची तर सर्वांना एकच माप लावलें पाहिजे. तें माप सरकारनें ठरविलें, परीक्षा दुसऱ्यानें घेतली. मीं फक्त निकाल छापला.’ हें म्हणणें खोटें नाहीं. विद्यापीठाच्या परीक्षेंतील गुणहि विद्यार्थ्याची सारी विद्वत्ता सांगत नाहींत. तरी दोन विद्यार्थ्यांची तुलना करण्यास ते उपयोगी पडतात. पण गुणपत्रिका वाचून कोणी असें समजत नाहीं, कीं हा विद्यार्थी उद्यां जगाच्या व्यवहारांत शेंकडा ऐशीं प्रसंगीं अचूक वागेल. पल्ल्याचा आंकडा मात्र नेमका असाच वाचला जातो, आणि असाच वाचला जावा म्हणून तो त्या रीतीनें छापलेला असतो. ‘१५० किलोमीटर’ हे शब्द फलकाच्या अर्ध्या भागावर. त्याच्या डोक्यावर एक चिमुकला तारा. आणि त्या ताऱ्याचा अर्थ फलकाच्या पायथ्याशीं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, ‘प्रमाणित चांचणीच्या परिस्थितींत’.

येथें खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. जें सांगितलें तें खरें आहे; अटहि सांगितली आहे; मग यांत असत्य कोठें आहे? आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाहीं. द्रोणपर्वांत धर्मराजानें ‘हत्ती’ हा शब्द उच्चारला होता. फक्त तो द्रोणाचार्यांना ऐकूं जाणार नाहीं अशा बेतानें उच्चारला. व्याकरणाच्या दृष्टीनें त्याचें वाक्य निर्दोष होतें. तरीहि जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ त्याच क्षणीं भूमीस टेकला, असें महाभारतकार सांगतात. त्यांच्या न्यायबुद्धीला उच्चारलेला शब्द पुरेसा वाटला नाहीं. तो कोणत्या हेतूनें हळू उच्चारला, हें त्यांनीं पाहिलें. वाक्य खरें कीं खोटें हें वस्तुस्थितीवरून ठरतें. परंतु बोलणारा सत्यवादी कीं असत्यवादी, हें ऐकणाऱ्याच्या मनांत त्याला काय उमटवावयाचें होतें यावरून ठरतें. जाहिरातींतला तारा म्हणजे धर्मराजाचा उतरलेला आवाज होय.

कायद्यासहि हें उमगलें आहे, ही समाधानाची गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ९ जून २०२२ रोजीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत तळटिपेनें मुख्य दाव्याचा खोटेपणा झांकूं नये आणि ती मुख्य दाव्याच्याच भाषेंत व अक्षरांत असावी, अशा अर्थाचे नियम आहेत. परंतु कोठलाहि नियम शेवटीं अक्षरांवर बोट ठेवूं शकतो, अंतःकरणावर नव्हे. नियम काटेकोर झाला कीं चातुर्यहि तितकेंच काटेकोर होतें. कांहीं कारखानदारांनीं अलीकडे प्रमाणित पल्ल्याच्या जोडीला ‘खरा पल्ला’ असा दुसरा, लहान आंकडा देण्याची पद्धत पाडली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह खरीच. पण त्या विशेषणाकडे क्षणभर पाहावें. बाजारांत वनस्पती तूप आलें तेव्हां साध्या तुपाला ‘शुद्ध’ म्हणवून घ्यावें लागलें. एका पल्ल्याला ‘खरा’ म्हणतांच दुसऱ्याविषयीं आपण काय कबूल केलें, हें कबूल करणाऱ्याच्याहि ध्यानांत आलें नसावें.

विकणाऱ्यानें किती सांगावें, या वादाला दोन हजार वर्षांवर इतिहास आहे. रोमन वक्ता सिसेरो यानें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत एक उदाहरण दिलें आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन एक सज्जन व्यापारी तेथें पोंचतो. आपल्या मागून आणखी गलबतें धान्य घेऊन येत आहेत, हें त्याला ठाऊक आहे. त्यानें तें बेटावरील लोकांना सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें आपलें धान्य विकावें? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायद्यानें सांगावयाचे दोष सांगितले, लबाडी केली नाहीं, म्हणजे झालें; न बोलणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जें ठाऊक तें सारें घेणाऱ्यास कळलेंच पाहिजे. सिसेरोनें शिष्याच्या बाजूनें कौल दिला. दुसऱ्यास जें कळणें त्याच्या हिताचें, तें आपल्या लाभासाठीं त्याला कळूं न देणें म्हणजेच लपविणें, असा त्याचा अभिप्राय. आजच्या जाहिरातदारास डायोजेनीसचा आधार घ्यावासा वाटेल. पण तोहि त्याला पुरा पडणार नाहीं. डायोजेनीसनें मौनाची मुभा दिली होती. अर्धें गर्जून सांगून उरलेलें अर्धें पुटपुटण्याची मुभा त्यानें दिल्याचें दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, जाहिरातींत थोडी अतिशयोक्ति असावयाचीच. ती कोण शब्दशः घेतो? हाच बचाव १८९२ साली इंग्लंडांतील एका प्रसिद्ध खटल्यांत झाला होता. कार्बोलिक स्मोक बॉल नांवाच्या औषधी उपकरणाच्या कंपनीनें जाहिरात दिली, कीं तें सांगितल्याप्रमाणें वापरूनहि ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास १०० पौंड मिळतील, आणि त्यासाठीं १,००० पौंड बँकेंत ठेवले आहेत. कार्लिल नांवाच्या बाईंनीं तें वापरलें आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. ‘तो नुसता जाहिरातीचा डौल होता’ असें कंपनी म्हणाली; न्यायालयानें तें ऐकलें नाहीं. या निवाड्यांतला व्यवहारज्ञानाचा भाग असा, कीं डौल आणि वचन यांत भेद आहे. ‘जगांत सर्वोत्तम’ या शब्दांनीं कोणी फसत नाहीं, कारण विशेषणाला गिऱ्हाईक मनांतल्या मनांत सवलत देतच असतें. आंकड्याला मात्र तें सवलत देत नाहीं. आंकडा मोजल्यावांचून येत नाहीं, अशी आपली भाबडी, पण योग्य समजूत आहे. आणि या समजुतीचा गैरफायदा घेणें हें विशेषणें उधळण्याहून अधिक सदोष आहे.

मग घेणाऱ्यानें विश्वास ठेवावा कोणावर? आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीला शब्द हें चौथें प्रमाण बसविलें. पण तें कोणाच्याहि शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनानें आप्ताचें जें लक्षण केलें आहे त्याचा आशय असा, कीं ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. ज्ञान आणि सांगण्याची शुद्ध इच्छा हीं दोन्ही हवींत. या कसोटीवर बाजारांतले साक्षीदार घासून पाहावे. कारखानदारापाशीं ज्ञान आहे, पण त्याच्या इच्छेला लाभाची ओढ आहे. चांचणी घेणारी संस्था निर्हेतुक आहे, पण तिला विचारलेल्या प्रश्नापुरतेंच ती उत्तर देते. शोरूममधील विक्रेत्यापाशीं बहुधा यांपैकीं एकहि नसतें. छापील पत्रकांत जें आहे तेंच तो मधुर स्वरांत म्हणून दाखवितो. उरतो तो तीच गाडी दोन-तीन वर्षें चालविलेला शेजारी. त्याचें ज्ञान एका गाडीपुरतें, पण प्रत्यक्ष. आणि सांगण्यांत त्याला लाभ नाहीं. बाजारांतला आप्त तो हाच.

याचा अर्थ घेणाऱ्यानें स्वतःची बुद्धि गहाण ठेवावी असा नव्हे. थोडेसें अनुमान त्याच्याहि हातीं आहे. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत लिहिलेली असते. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलांतलें एक युनिट. शहराच्या रहदारींत एक मनुष्य घेऊन अशी स्कूटर एका युनिटांत साधारणतः तीस ते चाळीस किलोमीटर जाते. तेव्हां तीन युनिटांच्या बॅटरीवर दीडशें किलोमीटर सांगणारा आपल्याला युनिटामागें पन्नास सांगत आहे, हें तोंडी हिशेबानें कळतें. आणि मग नव्वद ते एकशें वीस हें उत्तर आपलें आपणच काढतां येतें. मोटारीची शक्ति सांगितली असेल तर ती क्षणभर देण्याची कीं सतत देण्याची, हें विचारावें. पाण्यापासून संरक्षणाची खूण असेल तर आयपी ६७ चा अर्थ एक मीटर खोल गोड्या पाण्यांत अर्धा तास, असा मर्यादित आहे, आणि ती परीक्षा नव्या नमुन्याची असते, हें जाणावें. वॉरंटीचीं वर्षें मोजण्याआधीं ती बॅटरी बंद पडली तरच लागू, कीं तिची क्षमता अमुक टक्क्यांखालीं उतरली तरीहि लागू, हें कागदावर पाहावें. किंमतीचा आंकडाहि असाच सोलून पाहावा. सरकारी अनुदानास पात्र ठरण्यासाठीं गाडीची किंमत मर्यादेंत दाखवून चार्जरचे पैसे निराळे घेतल्याचें प्रकरण उघडकीस आल्यावर, २०२३ साली कित्येक कंपन्यांना ते पैसे गिऱ्हाइकांस परत करण्याचें मान्य करावें लागलें. आणि शोरूमच्या आधीं दुरुस्तीच्या ठिकाणीं एक फेरी मारावी. तेथें रांगेंत थांबलेल्या लोकांचे चेहरे हें प्रत्यक्ष प्रमाण आहे.

पण घेणाऱ्याच्या दक्षतेला सीमा आहे, हें विसरून सारा भार त्याच्यावर टाकणें हीहि एक पळवाट ठरेल. २०२२ च्या मार्च महिन्यांत पुण्यांत रस्त्याकडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली. पुढच्याच महिन्यांत नाशिकांत कंटेनरमधून चाललेल्या अनेक स्कूटरी जळाल्या. अन्यत्र माणसेंहि दगावलीं. बॅटरीच्या एका घटाची उष्णता शेजारच्या घटांत पसरूं नये अशी तिची रचना आहे कीं नाहीं, हें जगांतला कोणता चाणाक्ष गिऱ्हाईक शोरूममध्यें उभा राहून सांगूं शकेल? त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानें अंमलांत आले. जेथें कोणत्याहि प्रमाणानें घेणाऱ्यास ज्ञान होणें शक्य नाहीं, तेथें ‘घेणाऱ्यानें सावध असावें’ हें जुनें सूत्र निर्दय ठरतें. तेथें समाजानेंच त्याच्या वतीनें आधीं परीक्षा घेतली पाहिजे.

एवढें सांगून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. फुगलेल्या आंकड्यास एकटा विकणारा जबाबदार नाहीं. दोन दुकानें शेजारीं असावीं. एकानें शंभर लिहावें, दुसऱ्यानें दीडशें. आणि तीच बॅटरी दोघांच्याहि गाडींत असावी. गर्दी कोठें होईल? शंभर लिहिणारा आपल्या सत्याबद्दल दंड भरीत बसेल, आणि थोड्याच दिवसांत तोहि दीडशें लिहूं लागेल. आपल्याला खरें हवें असतें हें जितकें खरें, तितकेंच मोठें हवें असतें हेंहि खरें. आणि दोहोंत झगडा पडला कीं आपण बहुधा मोठ्याच्या बाजूस उभे राहतों.

हेंहि एक वेळ क्षम्य मानतां येईल. परंतु गाडी घरीं आल्यावर काय होतें? शेजारचा मनुष्य येऊन विचारतो, ‘काय हो, खरोखर किती जाते?’ आणि ज्याच्या गाडीचा पल्ला नव्वदांत संपतो तो हंसून म्हणतो, ‘सव्वाशेंला तरी मरण नाहीं!’ त्याला या असत्यापासून एक पैचा लाभ नसतो. त्याला फक्त आपली निवड चुकली असें दिसूं द्यावयाचें नसतें. पण त्याच्या या निरुपद्रवी वाटणाऱ्या अभिमानानें बाजारांतला एकुलता एक आप्त नाहींसा होतो. कारखानदाराला हजारों रुपये देऊन जी जाहिरात विकत घ्यावी लागते, ती आपण त्याला फुकट देतों; तीहि अशा आवाजांत, कीं ज्यावर तारा नाहीं आणि तळटीपहि नाहीं. आणि ऐकणारा कदाचित् तो डबे पोंचविणारा तरुण असतो. त्याचा दिवस शंभर किलोमीटरचा असतो, आणि दुपारीं तीन वाजतां गाडी थांबली तर उरलेल्या दिवसाची मजुरी बुडते.

विकणाऱ्याच्या नीतीविषयीं आपण पुष्कळ बोलतों, आणि तें योग्यच आहे. त्याच्यासाठीं कायदे आहेत, प्राधिकरणें आहेत, दंड आहेत. घेणाऱ्याच्या नीतीसाठीं यांपैकीं कांहींच नाहीं. ती सर्वस्वीं त्याच्या जिभेच्या टोंकावर आहे. ‘नव्वद जाते, चढावर ऐशीं, दोघे बसलों तर त्याहून कमी, पण मला पुरते,’ एवढें साधें वाक्य निःसंकोचपणें बोलणारीं माणसें ज्या गल्लींत राहतात, त्या गल्लींत खोटी जाहिरात फार दिवस टिकत नाहीं. ज्ञान विकत मिळत नसलें तरी शेजाऱ्याला देतां येतें. आणि जें आपण घेतांना शोधीत हिंडलों, तें प्रामाण्य घेतल्यावर दुसऱ्यास नाकारण्याचा आपल्याला कांहींहि अधिकार नाहीं.